मालकांच्या फेरीचा वैमानिक

एकदा एक तरुण चौकशी अधिकारी आपला अहवाल घेऊन वृद्ध गुरूंकडे गेला. विमान चालवण्याची विद्या त्याने त्यांच्याच हाताखाली घेतली होती. एक लहान विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून वैमानिकासह नऊ जण गेले होते. अहवालात शेवटी कारण लिहिले होते : वैमानिकाची चूक. तो मान्य झाला की मृताच्या माथी कायमचा कलंक आणि कंपनी मोकळी.

विमान कंपनीचे मालकही सोबत आले होते. "वाईट झालं, गुरुजी. पण उतरताना त्याला डुलकी लागली, त्याला आम्ही काय करणार? 'मी ताजातवाना आहे' अशी सही करूनच बसला होता विमानात."

सही! जो सही करत नाही, त्याला पुढच्या महिन्यात घरी बसवतात, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिष्यालाही ठाऊक होते. तरी तो मान डोलावत राहिला.

गुरूंनी विचारले, "परत कसे जाणार?"

"आमच्याच विमानानं, दुपारी."

"आजचा ड्यूटीचा तक्ता आहे जवळ?"

मालकांनी तो कौतुकाने पुढे केला. गुरूंनी पेन्सिल उचलली, दुपारच्या फेरीवरील वैमानिकाचे नाव खोडले आणि खालच्या ओळीतले दुसरेच नाव तेथे लिहिले. शिष्य चकित झाला. गुरूंना हा अधिकार दिला कोणी?

मालक ताडकन उठले. "अहो, हा कसा चालेल? पहाटेपासून उडतोय, चार फेऱ्या झाल्यात त्याच्या! माझ्या फेरीवर दोन दिवस विश्रांती घेतलेलाच माणूस असतो. पद्धतच आहे आमची तशी."

गुरू संतापले. "म्हणजे थकवा काय करतो, ते तुम्हांला उत्तम कळतं. फक्त स्वतःच्या जिवापुरतं! मेलेला उठून उत्तर देत नाही, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर? आणि तू रे? डुलकी कोणाला लागली ते लिहिलंस, त्याला झोपू कोणी दिलं नाही ते विचारलंस का? चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा कागद माझ्या घरात नको."

शिष्याला स्वतःची लाज वाटली. त्याने अहवालातली शेवटची ओळ खोडली, तेथे तो काही वेळ लिहीत राहिला आणि कागद मालकांपुढे सरकवला.

"साहेब, हे आत्ताचं तुमचंच बोलणं आहे. वाचून बघा, एखादा शब्द चुकला असेल तर सांगा."