सावली नावाची म्हातारी

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गाव तिला नुसतं ‘म्हातारी’ म्हणायचं.

तिचं माहेरचं नाव सावली. तिची आई भर उन्हात बाजाराहून परतताना वाटेतच बाळंत झाली. आसपास एकच करंजाचं झाड होतं. त्याच्या सावलीत पोर जन्मली, म्हणून बापाने हौसेने हे नाव ठेवलं. पण लग्नात सासूने नाक मुरडलं. “सावली म्हणजे काळी. असलं नाव आमच्या घरात नको.” नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘वैजयंता’ असं लिहिलं आणि सावली पुसली गेली.

पुढे आईबाप गेले, भाऊही गेला. त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. संध्याकाळी उंबऱ्यात बसून म्हातारी कधीकधी स्वतःलाच विचारी, “सावले, दमलीस का गं?” आणि स्वतःच “हो” म्हणे. आपलं म्हणावं असं आता एवढंच उरलंय, असं तिला वाटे. म्हणून ते नाव तिने कुणालाच सांगितलं नाही.

एके दिवशी शेजारची सून दारात आली. “आजी, उद्या माझ्या लेकीचं बारसं आहे. तिला आत्या नाही. तुम्हीच आत्या व्हा आणि तुमच्या आवडीचं नाव ठेवा.”

म्हातारी दिवसभर नावं आठवत राहिली. देवींची आठवली, नद्यांची आठवली. आवडीचं मात्र एकच होतं. ते देऊन टाकलं तर आपल्याजवळ काय उरणार? आणि लोकांनी पुन्हा नाक मुरडलं तर?

दुसऱ्या दिवशी ती पाळण्यावर वाकली. बाळ तिच्याकडे टकमक बघत होतं. म्हातारीने त्याच्या कानात कुर्र केलं आणि म्हणाली, “सावली.”

बायका कुजबुजल्या, “हे कसलं नाव?”

“उन्हातून आलेल्या माणसाला विचारा,” म्हातारी म्हणाली. “माझी आई सावली मिळाली म्हणून वाचली. माझंच नाव आहे ते. पन्नास वर्षांत कुणी मला त्या नावाने हाक मारली नाही.”

बाळाची आई म्हणाली, “मग हेच राहू दे.”

पोर मोठी होऊ लागली. दिवसातून दहा वेळा “सावले!” अशी हाक येई आणि म्हातारीच्या तोंडून नकळत “ओ” निघून जाई. हाक आपल्याला नाही हे कळलं की ती ओशाळून आत जाऊन बसे.

एकदा पोरीने ती ओ ऐकली. धावत जाऊन म्हणाली, “आई, आजीसुद्धा सावलीच आहे. तिलाही बोलव ना!”

आई दारात आली. क्षणभर तिने म्हातारीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मोठ्याने हाक दिली, “दोघी सावल्या, जेवायला या गं!”

म्हातारीने दार उघडलं. “आले, आले,” म्हणत, पदराने डोळे पुसत ती अंगण ओलांडून गेली.

तात्पर्य एवढंच, की आपलं म्हणून दडवून ठेवलेलं आपल्यासारखंच एकटं राहतं. मनापासून कुणाला दिलं, तर त्याच्यामागून माणसंही येतात.