नंदीचा अपुरा कान

खरे तर ही गोष्ट मी आज सांगायची नाही. घरात कोणी अंथरुणावर असेल तर ती सांगू नये, असे या बारवेची देखभाल करणारे माझे नानाकाका म्हणतात. माझी आई दोन महिने तापाने झोपून आहे. कालपासून भिंतीला धरून चार पावले टाकते, एवढेच. पण तुम्ही या नंदीकडे बोट करून “डावा कान फुटलाय वाटतं” म्हणालात, म्हणून सांगते. तो फुटलेला नाही. तो अजून घडायचा आहे.

फार पूर्वी मैराळ नावाच्या पाथरवटाने हा नंदी घडवायला घेतला, असे सांगतात. शिंगे निघाली आणि मैराळला ताप भरला. ताप उतरला, पण उजवा हात लुळा पडला. दुसरा पाथरवट बोलवा, असे त्याने गावाला कळवले आणि भिंतीकडे तोंड करून निजला. जेवणही टाकले.

त्याची बायको साळू. तिने एक दिवस त्याला आधार देत इथे आणून बसवले.

“एका हातानं काय करू? माश्या वारू?” तो म्हणाला.

“वारा की. नंदीच्या अंगावर लई बसल्यात.”

मग तिने लुगड्याची चिंधी फाडून छिन्नी त्याच्या लुळ्या मुठीत बांधली आणि हातोडी डाव्या हातात दिली. पहिल्या दिवशी म्हणे एकच घाव बसला, तोही वाकडा. गळ्याखाली ती खूण आहे पाहा. दुसऱ्या दिवशी दोन बसले. थंडी सरता सरता एकदा चिंधी सुटून पडली, तरी छिन्नी मुठीतच राहिली. साळूने चिंधी उचलली आणि तिथेच रडत बसली.

आता फक्त डावा कान उरला होता. तिथे मैराळ थांबला. काम संपले की हात पुन्हा गळेल, अशी त्याला भीती वाटू लागली.

साळू म्हणाली, “मग नका संपवू. उद्या गावात आणखी कुणी पडंल. त्याला उठायला काहीतरी ठेवा.”

त्याने छिन्नी-हातोडी त्या समोरच्या कोनाड्यात ठेवली आणि कानाला पुन्हा हात लावला नाही.

आजही आजारातून उठलेला माणूस आपल्या पायांनी या पायऱ्या उतरतो, कोनाड्यातली हातोडी घेतो आणि त्या कानावर एकच हलका घाव घालून…

“कुमुदिनी!” वरून नानाकाकांची हाक आली. “अगं, हातोडी काढून ठेव. तुझी आई उतरतेय!”