अण्णा खोतांची हिरवी खुर्ची

गावचे खोत अण्णा दर दिवाळीला ओटीवरच्या खुर्चीला हिरवा ऑइलपेंट फासायचे. पाय डुगडुगायला लागला, तशी 'भंगार आहे, ने' म्हणत त्यांनी ती शेजारच्या शेवंताला देऊन टाकली.

शेवंतानं रंग खरवडला, पॉलिश पेपर घासून बोटं सोलवटून घेतली, पाय घट्ट बसवला, जवसाचं तेल चोळलं. आतून अस्सल सागवान निघालं.

लगेच अण्णा दारात हजर! "मी तुला भंगार दिलं होतं, सागवान नव्हे. खुर्ची परत कर."

शेवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राबायचं हिनं आणि बसायचं यांनी?

तिनं आतून पिशवी आणली आणि अण्णांच्या पायाशी उपडी केली. हिरवे पापुद्रे, गंजके खिळे, भुसा.

"हे घ्या तुमचं भंगार. सगळं जपून ठेवलंय," म्हणत ती खुर्चीत ऐसपैस बसली.