दोन वर्कशॉपमधला केर

एकदा एका तालुक्याच्या गावी लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याच्या घरात वाद पेटला. त्याच्या मुलीला, मुक्ताला, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचे होते आणि पसंतीक्रम भरायला एकच दिवस उरला होता. पहिल्या क्रमांकावर जिल्ह्याचे सरकारी महाविद्यालय लिहायचे की शहराबाहेरचे खासगी? खासगीचे शुल्क भरायला दुकानामागचे गोदाम विकावे लागणार होते. आईबाप त्यालाही तयार! का, तर सरकारी इमारतीच्या भिंतींना पोपडे आले होते.

"लग्नात लोक विचारतात हो, कुठं शिकली पोरगी," आई म्हणाली.

शेवटी व्यापाऱ्याने आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींना बोलावले. सगळे मिळून दोन्ही महाविद्यालये पाहून आले. खासगीत थंडगार सभागृह दाखवले गेले, सरबत आले. गुरुजींनी मात्र दोन्हीकडे एकच विचित्र गोष्ट केली. वर्कशॉपमधल्या केराच्या डब्यात हात घातला आणि मूठभर केर कागदात बांधून घेतला.

"गुरुजी, लोक बघतायत," व्यापारी ओशाळून पुटपुटला.

"बघू देत. तू मात्र काहीच बघत नाहीयेस."

घरी येऊन त्यांनी पुड्या सोडल्या. एकीत लोखंडाचा कीस, तेलकट चिंधी, ड्रिलचे तुटके टोक. दुसरीत झेंडूच्या पाकळ्या आणि चमकीचा कागद.

"पहिली पुडी सरकारीतली. तिथं पोरं रोज लोखंड कापतात. दुसरीकडे उद्घाटन तेवढं झालंय, यंत्रांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. अरे, माल घेताना तू पोतं उघडतोस, खिळा वाकवून बघतोस. आणि पोरीची चार वर्षं नुसतं गुळगुळीत माहितीपत्रक बघून देऊन टाकणार? खासगी म्हणून वाईट आणि सरकारी म्हणून उत्तम, असं मी म्हणत नाही. पण आत शिरून बघाल की नाही?"

मग मुक्ता हळूच म्हणाली, "पण गुरुजी, सरकारीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडीच नाही."

"लाज वाटायला पाहिजे त्यांना!" गुरुजी कडाडले.

व्यापारी लगबगीने उठला. "दुकानातून आत्ता आणतो. उद्याच बसवून देऊ."

"बस खाली! कर भरतोस ना? मग दान कसलं करतोस? हक्कानं माग. ऐपत असलेली माणसं गुपचूप पोरं उचलून दुसरीकडे नेतात, म्हणून तिथं वर्षानुवर्षं कोणी कडी लावत नाही."

व्यापारी बसला. त्याने पहिल्या पुडीतला कीस चिमटीत घेऊन चोळून पाहिला. मग त्याने मुलीकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

मुक्ताने सरकारी महाविद्यालयाचे नाव पहिल्या क्रमांकावर भरले. नंतर एक कोरा कागद पुढे ओढला.

"पप्पा, प्राचार्यांना 'माननीय' लिहायचं ना?"

"लिही. आणि खाली तुझ्या सहीशेजारी माझ्या सहीला जागा ठेव."