काखेतलं लिंबू

"चौऱ्याण्णव टक्के आहेत, बाई. अजून काय बघायचं?"

असं म्हणून केतकीनं शिफारसपत्राचा कागद एस्तरबाईंच्या पुढं सरकवला.

नर्सिंगच्या डिग्रीला, पहिल्या वर्षाला अर्ज करायचा होता. त्या कॉलेजचा नियमच तसा. दवाखान्यात हयात घालवलेल्या कुणीतरी पोरीला पारखायचं, मग सही द्यायची. मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. आणि आमच्या गावात अशी हयात एकट्या एस्तरबाईंची. छत्तीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ मेट्रन म्हणून.

बाई तांदूळ निवडत होत्या. पेन कुठं दिसत नव्हतं.

"टक्के कॉलेज बघेल," बाई म्हणाल्या. "हा बसलाय रिकामा. याची नाडी मोज."

रिकामा म्हणजे मी, गेनू. शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. दर मंगळवारी मी बाईंच्या ओसरीवर बीपी बघून घ्यायला जातो, आणि जाताना काखेत लिंबू ठेवतो. घट्ट दाबलं की मनगटातली नाडी गुडुप. बाईंना फसवायला जातो. बाई फसत नाहीत. पण त्या दिवशी नवं गिऱ्हाईक आलेलं.

मी लिंबू दाबलं.

केतकीनं माझ्या मनगटावर अंगठा रोवला. डोळे घड्याळावर. माझ्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी ठोके."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? आजोबांचे."

बाईंनी हात पुसले. तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली...

"याचे तर शून्य आहेत."

पोरगी हसली. मग हसायची थांबली.

"अंगठ्यालाही नाडी असते, पोरी. तू तुझीच मोजलीस."

मला असं हसू फुटलं, की लिंबू सुटता सुटता राहिलं.

"परत मोजते," केतकी म्हणाली. या खेपेला तीन बोटं. एक मिनिट झालं. दोन झाली. मी दात-ओठ खाऊन दाबतोय, ती बोटं सरकवून सरकवून शोधतेय.

"चारची एस.टी. जाईल तुझी," बाई म्हणाल्या. "माणसाचे बहात्तर असतात, पुस्तकात आहे. बहात्तर म्हण आणि सही घेऊन जा."

केतकीनं कागदाकडं बघितलं...

"नाही, बाई. मला काहीच लागत नाहीये."

आणि मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आजोबा, बरं वाटतंय ना? घाम कशानं आलाय एवढा?"

घाम लिंबानंच आणला होता. पण ती हात सोडेना. दुसरा हात पाठीला लावून मला अलगद भिंतीशी टेकवायला लागली. म्हणाली, "श्वास घ्या, मी आहे इथं."

असं कुणी बोललं की दाबून धरणं होत नाही माणसाच्यानं. लिंबू सदऱ्यातून सुटलं, टपकन पडलं आणि घरंगळत सुपापाशी गेलं.

"आजोबा! लाज नाही वाटत?"

"बाईंना विचार. वीस वर्षांत नाही वाटली."

बाईंनी लिंबू उचलून तांदळात ठेवलं. सुपाखालनं पेन काढलं आणि सही केली.

केतकी कागदाकडं बघतच राहिली.

"पण बाई... मी तर शेवटपर्यंत मोजलीच नाही."

"मोजायचं कॉलेजात शिकवतात," बाई म्हणाल्या. "पळ, एस.टी. जाईल."