पुरेनंतरची अर्धी फेरी

“आन हा शब्द का नको?”

“सांगितलं न्हवं, नको.”

“आक्का, तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून आले. भांडायला न्हाई.”

“मग भांडू नकोस. गप घरला जा.”

कांचन गेली नाही. फ्लेक्सवाल्याने संध्याकाळपर्यंत मजकूर मागितला होता. गौरीच्या सणाला तालुक्यात फुगडीची स्पर्धा होती. नऊ वर्षांत गावात कांचनला कोणी हरवलं नाही, म्हणून महिला मंडळ तिचा फोटो चौकात लावणार होतं आणि फोटोखाली तिला इंग्रजी शब्द हवा होता. ‘अजिंक्य’ तिला नको होता. तो गावातल्या दोन क्रिकेट संघांनी आणि एका पानपट्टीने आधीच वापरून गुळगुळीत केला होता.

शेवंताक्का हायस्कुलात शिपाई होती. शाळेने रद्दीत काढलेली डिक्शनरी तिने घरी आणली आणि एकेक पान करत पाठ केली. औषधाच्या बाटलीपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं गाव तिच्याकडून वाचून घ्यायचं. गावातल्या पोरींना फुगडीही तिनेच शिकवलेली. ओट्यावर बसून, नुसत्या तोंडाने. स्वतः मात्र कांचनच्या पाहण्यात कधी कोणाचा हात धरला नाही. काहीतरी नवस असेल, असं तरण्या बायका म्हणत.

“अनबीटेबल,” कांचन पुन्हा म्हणाली.

“साबणाच्या सेलवर लिवत्यात ते.”

“इनव्हिन्सिबल?”

“तू? पाल दिसली की खाटंवर चढतीस.”

“अनकॉन्करेबल?”

“किल्ल्याला लावत्यात. आत माणूस नसला तरी चालतंय.”

“मग चौथा. इन्डॉमिटेबल. मोबाइलवर सापडलाय.”



“ह्यो चांगला हाय. पण पडून उठलेल्याचा हाय. तू पडलीस कवा?”

“न्हाईच पडले! तेच तर लिवायचंय मला!”

“शालन पडली.”

...

शालन कांचनची धाकटी जाऊ. नागपंचमीला मारुतीपुढच्या फरशीवर दोघींची फुगडी लागली. शालन म्हणाली, पुरे. पुन्हा म्हणाली. कांचनने ऐकलं नाही. शालनचा हात सुटला, ती फरशीवर आदळली आणि तिचं मनगट मोडलं. एका चुलीवर रांधणाऱ्या दोघी, पण महिना होत आला, एकमेकींशी शब्द नाही. तालुक्याला तर जोडीनेच उतरायचं होतं आणि कांचनची जोडीदारीण व्हायला गावातली एकही बाई तयार नव्हती.

“हात सुटला ती हरली,” कांचन म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय. आन बाकीच्या? भित्यात मला.”

“व्हय. भित्यात.”

आक्का उठली. चपला बाजूला सारल्या. पदर खोचला. अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हातांची कात्री केली आणि पुढे धरली.

कांचन बघतच राहिली. या हातांना तिच्या देखत गावात कोणी हात लावलेला नव्हता.

“आक्का, तुमचं गुडघं...”

“माझं हायत. धर.”

पायाची बोटं बोटांना भिडली. दोघी मागे रेलल्या. पहिली फेरी सावकाश गेली. मग पेरूचं झाड, पाण्याची टाकी, दार... पुन्हा पेरूचं झाड. म्हातारीच्या अंगात तो तोल अजून जसाच्या तसा होता. कांचनला हसू फुटलं. खोटं कशाला बोला, गेल्या महिन्यात तिला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

“पुरे,” आक्का म्हणाली.

कांचन थांबली.

थांबली, असं तिला वाटलं.

आक्का ओट्याला धरून खाली बसली.

“पुरेनंतर अर्धी फेरी जास्त मारलीस.”

“चुकून, आक्का...”

“चुकून न्हाई. पुरे ऐकलं आन तुझ्या हातांनी जोर केला. मला कळतंय ते.”

“कसं काय?”

...

“बायजा म्हणून होती. माझ्याच वयाची, भिंतीला भिंत. तिनं तीनदा म्हटलं. मी ऐकलं, पोरी. ऐकून जोर केला. तिचा हात वाकडाच बसला. भाकरी थापाया लागली की भिंतीपल्याडनं आवाज यायचा... एका हाताचा.”

“मग?”

“मग काय, जिंकले. त्यानंतर मला कुणी हात दिला न्हाई, म्हंजे हरवलंबी कुणी न्हाई. गौरीला बायका अंगणात नाचायच्या आन मी आत डिक्शनरी घेऊन. तुझे ह्ये चारी शब्द मला तवाच पाठ झाले. पयल्यांदा लई बरं वाटलं. म्हटलं, बघा, इंग्रजानंसुदिक माझ्यासाठी केवढे शब्द काढून ठेवल्यात.”

कांचनला हसावं का रडावं कळेना.

“बायजाकडं कधी गेलाच न्हाई?”

“सोळा वर्सं मी रोज म्हणायची, उद्या जाऊ. वाटायचं, तिनं झिडकारलं तर? माझी हार न्हाई का व्हायची? ... सतराव्या वर्सी तिला दारावरनं नेली. चौघांनी.”

कांचनचा मोबाइल वाजला. फ्लेक्सवाला. तिने वाजू दिला. वाजून वाजून तो आपोआप गप्प झाला.

“शालनचं प्लास्टर परवा काढलं,” ती खाली बघत म्हणाली. “सगळी गेली दवाखान्यात. मी गेले न्हाई.”

मग कांचनने मान वर केली.

“तिच्यापुढं जाऊन काय म्हणू, आक्का? तुम्हाला एवढे शब्द येत्यात. त्यातला एखादा द्या.”

...

“शब्द नको. हात पुढं कर. आन तिनं न्हाई धरला, तर मागं घेऊ नको.”