डोंगराची ओटी

एका गावात एक मेंढपाळीण राहत होती. गाव बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर हिरवंगार कुरण, मधून ओहोळ. ओहोळाच्या अलीकडचं कुरण तिचं, पलीकडचं तिच्या धाकट्या जावेचं.

सासूने जाताना दोघींना एक वसा दिला होता. "बायांनो, हा डोंगर गौरीचं माहेर. त्याची ओटी भरल्याशिवाय वर मेंढी चढवू नका." आता डोंगराची ओटी भरली हे कळायचं कसं? तर गौरी आल्या की वर जायचं आणि कुरणातून घोंगडी ओढत चालायचं. घोंगडीला पिकलेलं बी चिकटलं, म्हणजे मातीतही पडलं. मग मेंढ्यांनी खुशाल चरावं. तोवर खालच्या रानात भागवायचं.

पुढे दिवस पालटले. थंडी उणावली, ऊन वाढलं. ज्येष्ठात वितळणारं बर्फ एका वर्षी चैत्रातच गेलं आणि कुरण हिरवं झालं.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, सासूबाईंचा वसा सासूबाईंच्या बर्फासाठी होता. गवत आलंय, मेंढ्या भुकेल्या आहेत. तुम्ही बसा घोंगडी धरून." आणि तिने कळप वर हाकला.

थोरली खालीच राहिली. वैशाखात अवचित दहिवर गोठलं आणि कुरणातली कोवळी फुलं करपून गेली. रोपांनी पुन्हा कळ्या धरल्या, पण उशिरा.

गौरी आल्या. थोरलीने मनोभावे पूजा केली, वर गेली, घोंगडी ओढली. उलटून पाहते तर नुसत्या ओल्या पाकळ्या. बी एकही नाही.

खाली मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिची लाडकी कपिला मेंढी आटली होती, कोकरू नुसतं लुचत होतं. नवरा म्हणाला, "तिथी पाळलीस ना? वसा फिटला. आता चल वर."

तिने गौरीपुढे हात जोडले. क्षणभर मन डळमळलं. मग म्हणाली, "अहो, तिथी पंचांगात आली, डोंगरात यायची आहे. रिकाम्या ओटीने लेकीला माहेराहून धाडतं का कुणी?"

ती रोज विळा घेऊन रानात जायची, झाडांचा पाला उतरवून मेंढ्यांपुढे टाकायची. हातांना घट्टे पडले. तरी कपिलाचं कोकरू वाचलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, पण कळप वर नेला नाही. वीस दिवसांनी घोंगडी बियांनी भरून आली, तेव्हाच तिचा कळप वर चढला.

पुढच्या वर्षीही धाकटीचा कळप कळ्यांवरच चरला. थोरलीने मात्र घोंगडीचंच ऐकलं. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडला, धो धो आठ दिवस. पलीकडची उतरण उघडीबोडकी, मुळं नाहीत, माती धरणार कोण? सगळी घसरून ओहोळात आली. अलीकडच्या गवताने मात्र आपली माती मुठीत धरून ठेवली.

धाकटी दारात आली, उंबऱ्यातच उभी राहिली. "बोला जाऊबाई, काय बोलायचं ते बोला."

"बोलू काय? चिखलाने भरलेत पाय, आधी धू." थोरलीने खुंटीवरची घोंगडी काढून तिच्या खांद्यावर घातली. "थंडी सरली की हिला चिकटलेलं बी तुझ्या उतरणीवर झटक. गवत धरलं तरी तीन वर्षं मेंढी चढवू नकोस. निम्मा कळप माझ्याकडे चरेल."

"निम्माच?"

"निम्माच. तुझ्यावरची माया माझी आहे, डोंगराला कशाला तिचा भार? बाकीच्यांना पाला तोडू. विळा धरता येतो ना, की तोही सासूबाईंबरोबर गेला?"

धाकटी रडता रडता हसली. म्हणाली, "पण ऊन तर वाढतच चाललंय."

"ते आपल्या दोघींच्याने आवरायचं नाही. कळप कधी चढवायचा, ते तर आपल्या हातात आहे."

तीन वर्षं सरली, चौथ्या वर्षी धाकटीने आपल्या उतरणीवर घोंगडी ओढली. उलटून पाहिली तर काठाला बी चिकटलं होतं, मोजून पाच. पण पाच म्हणजे सवाष्णीची ओटीच की. तिने ते तिथेच मातीत दाबलं आणि कळप न चढवता परत आली. त्या डोंगराची भरली, तशी तुमच्या आमच्या घरची ओटीही भरलेली राहो.

तात्पर्य: नुसती तिथी पाळून वसा फिटत नाही, त्यामागचा हेतू पाळावा; धरतीची ओटी आधी भरली, तर ती वाईट दिवसांतही आपल्याला धरून ठेवते.